सुधाकर दादाचे पाठमोरे फोटो

सुधाकर गायकवाड आणि वनिता वहिनी. ही दोन नावं आधी लिहून टाकतो. काय झालं ते मागाहून सांगतो, कारण सांगता सांगता माझं बोलणं भलतीकडे जातं आणि ज्याचं नाव घ्यायचं तोच माणूस राहून जातो. मी आज इकडे पनवेलजवळ मोहोपाड्यात आहे, कामावर टिकून आहे, रविवार आला की खोलीत भिंतीकडे तोंड करून पडत नाही, ते ह्या दोघांमुळे.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. गावातल्या एकाच्या ओळखीनं इकडे रसायनाच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पोती उचलायला लागलो. काम जड होतं, पण त्याची तक्रार नाही. तक्रार माझ्या स्वभावाची आहे. मी घाबरट माणूस. भोंगा झाला की छातीत धडधडतं. फोन वाजला की घरी काहीतरी झालं असंच वाटतं. अनोळखी रस्त्यावर जरा पुढे गेलो की परत फिरावंसं वाटतं. अशा माणसानं घर सोडायला नको होतं, पण घरी राहून भागत नव्हतं. काही महिन्यांतच मी हरलो. एका शनिवारी सकाळी पाळी बुडवली, बॅग भरली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो.

सुधाकर दादा त्याच कारखान्यात ऑपरेटर. रात्रपाळी करून सायकलवर घरी चालला होता. आमची ओळख म्हणजे कॅन्टीनमध्ये एकमेकांना पाहिलेलं, एवढीच. तरी थांबला. एक पाय जमिनीवर, एक पायडलवर.

“कुठं रं निगाला?”

“गावाला.”

“कायमचा?”

मी मान हलवली. आता हा समजावणार, हिंमत धर वगैरे म्हणणार, असं मला वाटलं. तो जांभई देत म्हणाला, “जा की. पन उद्या रविवार हाय. रविवारी आमी सायकलवर कर्जतकडं जातो. पोराची सायकल घरी पडून हाय, तो गेला पुन्याला. उद्या चल, आनि रविवार झाला की जा. गाव काय पळून जातंय?”

त्या दिवशी त्यानं मला घरी नेलं. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. ज्वारी खाणारा माणूस मी, ती पांढरी मऊ भाकरी घशाखाली उतरेना. वहिनी म्हणाल्या, “पाणी पी मधे मधे. सवय लागंल.” सवय लागली. पुढच्या शनिवारी दादानं विचारलं, “काय, जातोस का गावाला?” मी म्हटलं, उद्या तर रविवार. “मग झालं. रविवार झाला की जा.” असं म्हणत म्हणत काही वर्षं गेली. थांब असं तो मला एकदाही म्हणाला नाही.

आमच्या सायकलवाल्यांत चौघंच. निखिल, त्यांचं कर्जतात वडिलांच्या वेळेपासूनचं औषधांचं दुकान. पूनमताई, शाळेत शिकवतात. दादा, आणि मी. मला गजानन कुणीच म्हणत नाही, ‘हिंगोली’ म्हणतात. आम्हाला पाहून कुणाला वाटेल की हौशी मंडळी आहेत. खरं म्हणजे सगळे दमलेले. निखिल आठवडाभर गिऱ्हाइकांशी बोलून दमलेला, पूनमताई पोरांशी बोलून. दादा पाळ्यांनी दमलेला. त्याच्या डोळ्यांखाली कायम काळं असायचं. रविवारी सकाळी चौक गावच्या नाक्यावर भेटलो की पहिला अर्धा तास कुणी बोलायचं नाही. नुसत्या साखळ्यांचा आवाज. मला ते बरं वाटायचं.

सगळ्यात मागे जो चालवतो त्याला आमच्यात ‘शेपूट’ म्हणतात. त्याच्या सीटखाली लाल फडकं बांधलेलं असतं. शेपटानं कुणाला ओलांडायचं नाही, हा नियम. पुढचा कितीही हळू गेला, थांबला, रस्त्यात बसला, तरी शेपूट त्याच्या मागेच. म्हणजे कुणी एकटं पडत नाही. पाळीपाळीनं शेपूट व्हायचं असं ठरलं होतं म्हणे, माझ्या येण्याआधी. पण ते फडकं दादाच्या सीटखालून कधी सुटलंच नाही. का, असं विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. “पुढं गेलं की कुत्री लागतात.” “मागं वारा कमी लागतो, तुमी आडवता.” एकदा पूनमताईंना म्हणाला, “घरात मी पुढं, कारखान्यात सायेब पुढं, एक दिस तरी मला मागं राहू द्या की.” वहिनींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “घरात हा पुढं? कवापासनं?”

शेपटाकडे पंक्चरचं सामान असतं. दादाच्या पिशवीत सगळं होतं, पंप, पॅच, सोल्यूशन, पाने. वापरता त्याला काहीच यायचं नाही. एवढी मोठी यंत्रं चालवणारा माणूस, पण सायकलची ट्यूब हातात आली की ती हरवलेल्या वस्तूसारखी उलटसुलट करून बघायचा. निखिल पुढे निघून गेलेले असायचे. मग दादा ट्यूब पिशवीत टाकायचा, हात झटकायचा आणि म्हणायचा, “चला, चालू या.” आणि ज्याची सायकल बसली त्याच्याबरोबर स्वतःची धड सायकल हातात धरून चालायला लागायचा. निखिल चिडायचे. “दादा, पिशवीत दुकान घेऊन फिरता आणि पायी येता!” दादा म्हणायचा, “पोचलो ना?”

माझं एक सांगतो. सुरुवातीच्याच दिवसांतलं. आम्ही कर्जतहून कशेळ्याकडे चाललो होतो. कडाव मागे पडलं, रस्त्याला वर्दळ कमी झाली, दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, आणि मला एकाएकी ते सुरू झालं. छाती धडधडायला लागली, हातांना मुंग्या आल्या. वाटलं, इथे मेलो तर आईला कोण कळवणार? सायकल टाकली आणि एका आंब्याखाली बसलो. गुडघ्यांत डोकं घालून. मागून ब्रेकचा आवाज आला. दादा उतरला, माझ्यापासून जरा लांब बसला. काय झालं विचारलं नाही. पाणी पुढे सरकवलं. मग फोन काढून आंब्याच्या बुंध्यावरच्या मुंग्यांचे फोटो काढत बसला.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, “दादा, तुम्ही जा पुढे. ते वाट बघत असतील.”

“मला कसं जाता येईल रं? तू माझ्या पुढं हायस.”

निखिलचा फोन आला. मिसळ थंड झाली म्हणून ओरडत होते. दादा म्हणाला, “खा तुमी. आमी मुंग्या बघतोय.” मी हसलो की रडलो ते मला आता आठवत नाही. पण उठलो. कशेळ्याच्या बाजारात पोचलो तेव्हा निखिलनी माझ्याकडे पाहिलं आणि नवीन मिसळ सांगितली. ते धडधडणं अजून येतं. पण त्या दिवसापासून मला एक माहीत झालं, की मी रस्त्यात बसलो तर माझ्या मागचा माणूसही बसणार आहे.

दादाला फोटोंचा नाद. कॅमेरा नाही, साधा फोन, त्याच्या काचेला कोपऱ्यात चीर गेलेली. शेपूट असल्यामुळे त्याला पुढून कुणी दिसायचंच नाही, म्हणून त्याच्या सगळ्या फोटोंत आमच्या पाठी. पळसाच्या फुलांखालून जाणारी पूनमताईंची पाठ. उल्हास नदीच्या पुलावर निखिलची पाठ, घामानं नकाशा उमटलेली. माथेरानचा डोंगर आणि त्याच्या पुढे माझी कुबड काढलेली पाठ. रविवारी संध्याकाळी हे फोटो ग्रुपवर यायचे, खाली दादाचं एकच वाक्य: ‘सगळे घरी पोचले का?’

निखिल म्हणायचे, “दादा, आमचं लग्न जमायचंय अजून. तोंडाचा काढा एखादा.”

“तोंडाला काय बघायचंय? तोंड खोटं हसतं. पाठीला तसं जमत नाय.”

मी माझ्या पाठीचे फोटो गावी आईला पाठवायचो, चुलत्याच्या मोबाइलवर. पहिल्यांदा ती रागावली. “आरं, तोंड दाव की! पाठ काय बघू लेकराची?” पुढे तिला सवय झाली. एकदा म्हणाली, “गावाहून गेलास तवा खांद्याची हाडं दिसत व्हती. आता भरलास.” हे मी दादाला सांगितलं. पुढच्या रविवारी माझे फोटो जरा जास्तच आले.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात एक गंमत झाली. आम्हाला गंमतच वाटली. चौक–कर्जत रस्त्याला दाट धुकं होतं. मी तोवर जरा सुधारलो होतो, निखिलबरोबर पुढे असायचो. निखिलनी केशरी जॅकेट घातलं होतं. एका वळणावर आम्ही चहाला टपरीच्या मागे वळलो, पूनमताई आल्या, आणि दादा आलाच नाही. थांबलो. फोन लागेना. शेवटी त्याचाच आला.

“निखिल, तू ह्या वाडीत कुनाकडं आलास रं?”

“कुठल्या वाडीत? मी टपरीवर आहे!”

पलीकडे दादा कुणाला तरी काहीतरी विचारत होता. मग एका बाईचं हसणं ऐकू आलं. झालं होतं असं, की दुधाच्या किटल्या घेऊन एक गवळी सायकलवर घरी चालला होता, केशरी स्वेटर घातलेला. दादा त्याच्या मागे लागला, नियमाप्रमाणे न ओलांडता, आत वाडीत, थेट त्याच्या दारापर्यंत. तो गवळी घाबरून दर वळणावर मागे बघत होता म्हणे. त्याच्या बायकोनं दादाला कोरा चहा दिला. परत आल्यावर आम्ही त्याची इतकी टिंगल केली की टपरीवालाही सामील झाला. दादाही हसत होता.

पूनमताई तेवढ्या हसल्या नाहीत. “दादा, त्याच्या सायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या लटकत होत्या ना? त्या नाही दिसल्या?”

“किटल्या बाजूला व्हत्या, ताई. मी मधे बघत व्हतो.”

त्यानंतर आम्हाला नको ते दिसायला लागलं. दादाच्या फोटोंत माणसं अर्धी यायला लागली होती. पूनमताईंची सायकल आहे आणि पूनमताई अर्ध्याच. कारखान्यात दरवाज्याच्या चौकटीला त्याचा खांदा लागायचा. सायकल इतकी जवळ आणायचा की त्याचं चाक माझ्या चाकाला घासायला आलं एकदोनदा. निखिल त्याला पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. काचबिंदू. बाजूचं दिसणं हळूहळू गेलं होतं, कधी गेलं ते त्यालाही कळलं नव्हतं. गेलेलं परत येत नाही, उरलंय ते सांभाळायचं, असं डॉक्टरनी सांगितलं. रस्त्यावर सायकल बंद.

वहिनींनी तोंडाला पदर लावला नाही की काही नाही. चिडल्या. “इतके दिवस काय डोळे झाकून चालवत व्हता? बरं झालं मागं असायचा. पुढं असता तर सगळ्यांना घेऊन खड्ड्यात गेला असता.” मग आत जाऊन भांडी जोरात घासायला लागल्या. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, “दमली ती. तू बस.”

महिनाभर आम्ही सायकल काढलीच नाही. मी पुन्हा रविवारी खोलीत पडायला लागलो. भिंतीकडे तोंड करून. बॅग कुठे ठेवली आहे ते आठवायला लागलो. दादा मागे नसेल तर त्या रस्त्यांवर माझं काय काम, असं वाटायचं. मग एका शनिवारी दादा खोलीवर आला, पायी. दारातूनच म्हणाला, “उद्या रविवार हाय.”

वहिनींकडून त्यानं एक फेरी मागून घेतली होती. शेवटची. मोरबे धरणाच्या बाजूचा आतला रस्ता, सकाळी तिकडे गाड्या नसतात. अट अशी, की निखिल पुढे, मग पूनमताई, मग दादा. आणि त्याच्या मागे मी. दादानं आपल्या सीटखालचं लाल फडकं सोडलं. ते फडकं कसलं, उन्हानं गुलाबी झालेलं. गाठ सुटता सुटेना. मग माझ्या सीटखाली बांधलं.

मी म्हटलं, “दादा, मला नाही जमणार. माझ्या मागे कुणीच नसणार.”

“शेपटाच्या मागं कुनी नसतंच रं. शेपटानं पुढं बघायचं.”

तेव्हा पहिल्यांदा मी दादाची पाठ पाहिली. इतक्या वर्षांत पाहिलीच नव्हती. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. मानेवर शर्टाची कॉलर झिजलेली. चढ आला की दर वेळी डोकं किंचित पुढे जायचं, दार ढकलावं तसं. माझ्या मागे मोकळा रस्ता होता, पाठीला गार लागत होतं, आणि धडधड चालू होती. पण ती पाठ बघायची होती, त्यामुळे थांबता येत नव्हतं.

धरणाच्या अलीकडे रस्ता उजवीकडे वळतो. तिथे दादा हळूहळू रस्त्याच्या मधे सरकायला लागला. समोरून डोंगराकडच्या वाड्यांतली माणसं भरून जीप येत होती. निखिल आणि पूनमताई कडेला झाले. दादा नाही झाला. जीपवाल्यानं हॉर्न दिला. दादानं हॉर्न कुठून आला ते बघायला मान वळवली, ती उलट्या बाजूला.

मी नियम मोडला. जोरात पायडल मारलं आणि त्याच्या उजव्या अंगाला आलो, त्याच्या आणि जीपच्या मधे. “दादा, डावीकडं!” तो डावीकडे झाला. जीप गेली. आतून कुणीतरी शिवी दिली. मी मागे जायला हवं होतं. पण गेलो नाही. तसाच त्याच्या बाजूनं चालवत राहिलो, हँडलला हँडल लावून. मला मागे जायची हिंमत होईना. तो समोर बघत होता.

थोडं अंतर गेल्यावर तो मोठ्यानं म्हणाला, मागच्या माणसाला ऐकू जावं तसं, “हिंगोली! हायस ना रं मागं?”

मी त्याच्या कोपराशी होतो. हात लांबवला असता तर लागला असता.

“हाय, दादा.”

माझा आवाज इतक्या जवळून आल्यावर त्यानं मान पूर्ण वळवली. मला बघितलं. माझ्या चाकाकडे बघितलं. मग पुन्हा समोर. बराच वेळ पायडल मारलं नाही, सायकल आपोआप जात होती तेवढी गेली आणि थांबली. तो उतरला.

“कवापासनं हायस?”

“जीप गेली तेव्हापासून.”

निखिल आणि पूनमताई मागे वळून आले. निखिलनी विचारलं काय झालं. दादा वाकला, मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. चाक दगडासारखं घट्ट होतं, ते मला दिसत होतं, निखिलनाही दिसत होतं.

“पंक्चर झाली,” दादा म्हणाला. “चला, चालू या.”

निखिल, जे प्रत्येक पंक्चरवर ओरडायचे, ते लगेच उतरले. पूनमताई उतरल्या. आम्ही चौघं धड सायकली हातात धरून चौकच्या नाक्याकडे चालायला लागलो. ऊन चढत होतं. वाटेत करवंदांची जाळी होती, कुणी थांबलं नाही. दादा पुढे होता. मी फोन काढला आणि त्याच्या पाठीचा एक फोटो घेतला. नाक्यावर टेंपोची वाट बघताना त्याला दाखवला. त्यानं फोन डोळ्यांसमोर आणला, जरा इकडे, जरा तिकडे केला.

“कोन हा म्हातारा? फार दमल्यागत दिसतोय.”

“तुम्ही, दादा.”

“मग दमलाच असंल,” म्हणाला, आणि फोन परत दिला. टेंपोत सायकली चढवताना मला म्हणाला, “तू आता कवाबी गेलास गावाला तरी चालतंय. रविवारची वाट बघू नको.”

मी गेलो नाही. फडकं माझ्या सीटखाली आहे. मला ओलांडता येत नाही आणि पंक्चरही काढता येत नाही. त्याबद्दल निखिल ओरडतात. आमच्यात आता एक नवीन पोरगी यायला लागली आहे, पूनमताईंच्या शाळेतली शिपाई. उतारावर घाबरते. ती थांबली की मी थांबतो, काही विचारत नाही.

गेल्या रविवारी आम्ही निघालो तेव्हा दादा त्याच्या कॉलनीच्या फाटकात उभा होता. वहिनी त्याच्या उजव्या बाजूला, मुद्दाम जरा पुढे, त्याला दिसेल अशा. आम्ही गेल्यावर त्यानं पाठीमागून फोटो काढला असणार, कारण संध्याकाळी तो ग्रुपवर आला. रस्ता आहे, झाडं आहेत, आणि सगळ्यात मागे माझी पाठ, अर्धीच. खाली लिहिलं होतं, ‘सगळे घरी पोचले का?’

दादा, पोचलो. आणि तुमचं हे मी कधीतरी फेडणार आहे. दोन माणसांची सायकल असते, पुढच्यानं हँडल धरायचं आणि मागच्यानं नुसते पाय मारायचे. कर्जतजवळच्या एका फार्महाउसवर मी ती पाहिली आहे, आणि तिथल्या माणसाशी बोललोही आहे. ती मिळाली की कशेळ्याला जाऊ. रस्ता मी बघीन. तुम्ही मागेच बसा, नेहमीसारखे, आणि काढा माझ्या पाठीचे फोटो. इतक्या जवळून ती अर्धी येणार नाही.